मान कोणी वर धरली?

“आणि हे खाली काय आहे?” बाईंनी विचारलं.

पुष्कर एक्स-रेच्या पडद्याच्या वरच्या बाजूला बोट ठेवून बोलत होता. घोडीची अन्ननलिका, तिच्यातून उतरलेलं पांढरं औषध, मध्येच नळी आवळली होती ती जागा. सगळं कसं लख्ख आलं होतं. बोलता बोलता तो थांबला.

“कुठे, बाई?”

“खाली. छातीत.”

“ते... मशीनचा डाग असेल.”

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा चढवला आणि पडद्याजवळ गेल्या.

“डागाला फांद्या असतात?”



फांद्याच होत्या. पानं झडलेल्या झाडाच्या असाव्यात तशा, पांढऱ्या, खाली खाली बारीक होत गेलेल्या. जे औषध पोटात जायचं, त्यातलं बरंचसं घोडीच्या फुप्फुसात गेलं होतं. जिथे जिथे गेलं तिथे तिथे रस्ता उमटवत गेलं होतं.

“घोडी कुठे आहे?” बाई म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न बघता बाहेर पडल्या.

बाई म्हणजे डॉ. यमुना कारखानीस. माथेरानच्या पायथ्याशी त्यांचं घोड्यांचं इस्पितळ. इस्पितळ आपलं म्हणायला. चार पडव्या, यंत्राची एक खोली आणि अंगणात काटेसावरीचं झाड. डोंगरावर पाहुण्यांना पाठीवरून फिरवणाऱ्या घोड्यांच्या कित्येक पिढ्या बाईंच्या हाताखालून गेल्या. बोलणं कमी. ज्याला शिकायचं असेल त्याने यावं, राहावं, लीद उचलावी, बघावं. आपण कोणाला शिकवतो असं त्या कधी म्हणाल्या नाहीत.

पुष्कर सबनीस शिकायला आला होता, असं तो सांगायचा. खरं तर तो बाईंना शिकवायला आला होता. परदेशात राहून आलेला, पुस्तकं तोंडपाठ, यंत्रावर हात बसलेला. हुशार होता, त्यात वाद नाही. पण हुशारी त्याच्या चालण्यात होती, बसण्यात होती, धाकलूला हाक मारण्यात होती. नवी चप्पल करकरायचीच, म्हणून बाई सोडून द्यायच्या.

आणि धाकलू ढेबे हा घोडीचा मालक. पन्नाशीचा धनगर. घोडी डोंगरी, लहान चणीची, नाव साळुंकी. तिची आई तिला जन्म देताना मेली. धाकलूच्या बायकोने शिंगराला बाटलीने दूध पाजून वाढवलं. घरात ती घोडी कमी आणि लेक जास्त.

आता त्या सकाळी काय झालं ते सांगूनच टाकतो. उगाच झाकून ठेवण्यात काय अर्थ?

साळुंकीला चारा उतरत नव्हता. खाल्लेलं नाकातून परत यायचं. बाईंनी आदल्या दिवशी दुर्बिणीची नळी आत घालून पाहिलं होतं. काही अडकलेलं नव्हतं, भोकही नव्हतं. अन्ननलिका मात्र आवळली होती. किती आणि कुठवर, ते बेरियम, म्हणजे तेच पांढरं औषध, पाजून चित्र काढल्याशिवाय कळणार नव्हतं. बाईंना सकाळी डोंगरावर दुसरं जनावर बघायला जायचं होतं. निघताना त्या म्हणाल्या होत्या,

“गुंगीचं देऊ नकोस. मान खाली राहू दे. घोट गेलेला दिसला की मग पुढचा घोट. खोकली की बंद.”

“माहीत आहे, बाई,” पुष्कर म्हणाला होता.

माहीत होतंच. तरी त्याने गुंगीचं दिलं, कारण घोडी हलली की चित्र पुसट येतं. धाकलूला मान वर धरायला लावली, कारण मान ताणली की नळी सरळ दिसते. पुढच्या महिन्यात पुण्यात परिषद होती. मोठमोठे लोक येणार होते. असं चित्र तिथे कोणाकडेच नसणार, हे त्याने मनाशी धरलेलं होतं.

गुंगीतल्या जनावराला नीट गिळता येत नाही. त्यात मान वर. वरून पांढरं औषध, एकामागून एक पिचकारी.

“खोकती वं, डॉक्टर,” धाकलू म्हणाला होता.

“खोकू दे. तू मान धर.”

धाकलूचे हात जरा खाली आले. पुष्करने त्याच्या हातांखाली हात घातला आणि घोडीचं तोंड पुन्हा वर केलं.

“हलली तर बघ!” म्हणाला.

हे झालं सकाळचं.

बाई पडवीत आल्या तेव्हा साळुंकी चारी पाय फाकून उभी होती. नाकपुड्या फुललेल्या. एका नाकपुडीतून पांढरी तार लोंबत होती. धाकलू तिच्या मानेवरून हात फिरवत, “बास माझी बाय, बास,” असं पुटपुटत होता.

“ती उंच कडीची दोरी सोड आधी,” बाई म्हणाल्या. “मान मोकळी होऊ दे. खाली. अजून खाली.”

धाकलूने दोरी सोडली. साळुंकीचं तोंड जमिनीकडे आलं. ती खोकली, आणि पांढरं पाणी खालच्या फरशीवर सांडलं.

बाईंचे हात म्हातारे, पण त्या वेळी कोणी म्हणालं नसतं. सुया, प्रतिजैविक, सूज उतरवायचं औषध, प्राणवायूची नळी. गवत, पाणी, सगळं समोरून हलवलं. मग आपल्या गळ्यातली, छाती तपासायची नळी काढून पुष्करच्या गळ्यात घातली.

“ऐक.”

पुष्कर वाकला. घोडीच्या बरगड्यांवर नळी टेकवली.

“खरखर आहे.”

“कुठल्या बाजूला?”

तो दुसऱ्या बाजूला गेला.

“दोन्ही.”

“अजून ऐक.”

तो ऐकत राहिला. ऐकताना कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं, ते एक बरं होतं.

“पाजताना मान वर होती?” बाईंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

पुष्कर ताठ झाला. नळी कानातून काढली. आणि त्याने धाकलूकडे बोट केलं.

“यानं धरली होती वर.”

खोटं नव्हतं ते. मान धाकलूनेच धरली होती, हातही त्याचेच होते. माणूस खोटं बोलतो तेव्हा एक वेळ त्याला पकडता येतं. असं अर्धं खरं बोलणाऱ्याचं काय करायचं?

बाईंनी धाकलूकडे पाहिलं.

धाकलूने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं.

“व्हय, बाई,” तो म्हणाला. “मीच धरली.”

पुष्करने नळी पुन्हा कानाला लावली आणि घोडीच्या बरगड्यांवर वाकला.

दुपारी बाई ओट्यावर बसल्या होत्या. समोर पिठलं-भाकरी तशीच. पुष्कर उभा.

“वाचेल का, बाई?”

“ताप चढतोय. थोडं गेलं असेल तर निभावेल. जास्त गेलं असेल तर...” बाईंनी वाक्य सोडून दिलं. “बस.”

तो बसला.

“चित्रासाठी पाठीच्या कण्यात कुठलं कॉन्ट्रास्ट घालायचं?”

त्याला वाटलं होतं बोलणी बसतील. ही तर परीक्षा! परीक्षेत तो कधी मागे पडलेला नव्हता.

“नॉन-आयोनिक, बाई. फक्त तेच. दुसरं गेलं तर झटके येतात, घोडा जातो. आणि चित्र झाल्यावर डोकं वर ठेवायचं, मेंदूकडे उतरू द्यायचं नाही.”

“शिरेत देताना?”

“आधी मूत्रपिंडं तपासायची. औषध अंगाइतकं कोमट करायचं. सुई शिरेतच आहे ना, ते परत बघायचं. अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, तर उतारा हाताशी भरून ठेवायचा.”

“अन्ननलिकेला भोक असल्याचा संशय असला तर?”

“बेरियम नाही द्यायचं. आयोडीनचं, पाण्यात विरघळणारं.”

“जखमेत? सांध्यात?”

“बेरियम कधीच नाही. ते तिथे बसून राहतं.”

“सगळं येतं तुला.”

“हो, बाई.” तो जरा सावरून बसला. तेवढ्यातल्या तेवढ्यात सावरला, बघा!

“कॉन्ट्रास्टनं घोडा बरा होतो?”

“नाही.”

“मग देतो कशाला?”

“आतलं दिसावं म्हणून.”

“कोणाला?”

“आपल्याला.”

“म्हणजे त्याच्या पोटाला काही नाही, दुखण्याला काही नाही. आपल्या डोळ्यांसाठी त्यानं गिळायचं.”

“...हो.”

“त्यानं नको म्हटलं तर?”

“घोडा नको कसं म्हणेल, बाई?”

“खोकून.”

काटेसावरीवर एक कावळा येऊन बसला, उडाला. पुष्कर भाकरीकडे बघत होता. भाकरी वाळून कडक झाली होती.

“मान कोणी वर धरली?” बाईंनी विचारलं.

“...धाकलूनं.”

या खेपेला त्याने बोट केलं नाही. पण शब्द तोच आला. बाई “बरं” म्हणाल्या आणि भाकरी मोडायला लागल्या.

तेवढ्यात धाकलू आला. डोक्यावरचा पटका हातात घेऊन, पायरीच्या खालीच उभा राहिला.

“बाई, येक सांगायचं व्हतं.”

“बोल की. वर ये.”

“नको, हितंच बरा हाय.” त्याने पटक्याचा पिळा केला, सोडला. “साळुंकी वाचली तर... तिला तुमच्याकडंच ठेवा. नायतर द्या कुना चांगल्या मानसाला. मी नाय न्येनार.”

“का रे?”

“माझा हात वंगाळ हाय.”

“असं कोण म्हणालं?”

“कुनी कशाला म्हनायला पायजे? बायकूनं चमच्या-बाटलीनं दूध पाजून वाढवली तिला. माज्यापरीस तिची जास्त. नि मी काय केलं? डॉक्टर म्हनले, वर धर. त्यांनी म्हनलं असंल थोडीशी. आमाला सवय कसली? बांबूच्या नळकांड्यातनं काढा पाजायची. आमच्याकडं तसंच पाजत्यात, मान आभाळाला लावून. त्या सवयीनं मी लईच वर केली असंल. तिच्या छातीत गेलं ते माज्या हातानं गेलं.”

मोठा बाप्या माणूस, पायरीखाली उभा राहून लहान मुलासारखा नाक पुसत होता.

“घरी काय तोंड दावू, ते कळंना झालंय,” तो म्हणाला. मग एकदम आठवल्यासारखं, “आन् बाई, डॉक्टरसायबांवर रागावू नका हां. त्यांचा काय दोष नाय.”

पुष्कर तिथेच बसला होता. चार हातांवर.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं.

“जा, घोडीपाशी बस,” बाई धाकलूला म्हणाल्या. “तिला तुझा वास लागतो.”

धाकलू गेला. ओट्यावर दोघंच उरली. पुष्करचे कान लाल झाले होते.

“बाई...”

“हं.”

“तुम्ही सांगा ना त्याला.”

“काय सांगू?”

“की त्याची चूक नाही म्हणून.”

“मी कुठे होते तिथे?”

“तुम्हाला कळलंय सगळं. सकाळीच कळलंय.”

“मला कळून काय उपयोग? मी घोडी द्यायला निघाले नाही.”

पुष्करने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

“मला लाज वाटते, बाई. मरणाची लाज वाटते.”

“मग ती इथे ओट्यावर ठेवून जाऊ नकोस,” बाई म्हणाल्या आणि हात धुवायला उठल्या.

ओट्यापासून पडवी काही लांब नाही. पण पुष्कर आधी विहिरीकडे गेला. मग यंत्राच्या खोलीत. मग पुन्हा विहिरीकडे. शेवटी पडवीशी आला तेव्हा धाकलू दाराबाहेर बसून साळुंकीसाठी कोवळं गवत निवडत होता. तिला आज खायचं नाही, हे त्याला माहीत होतं. हातांना काहीतरी काम हवं असतं.

“ढेबेमामा.”

धाकलूने वर पाहिलं. इतके दिवस ‘ए धाकलू’ होता. आज मामा झाला, तेव्हा तो घाबरलाच.

“काय झालं? ग्येली का?”

“नाही, नाही! आहे. तशीच आहे.” पुष्कर खाली मातीत बसला. “मामा, तुमची चूक नव्हती. माझी होती.”

धाकलू त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने गवत बाजूला ठेवलं आणि पुष्करच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“लई मोठं मन हाय तुमचं, डॉक्टर. पन माजी समजूत नका काढू. मी काय लहान हाय का?”

घ्या! शिव्या खायला आलेल्या माणसाच्या पदरात कौतुक पडलं.

आणि खरं सांगायचं तर, तो तिथून उठला असता तरी चाललं असतं. सांगितलं, मन मोकळं केलं, समोरचा मानतच नाही त्याला मी काय करू! असं म्हणून परत फिरणारे आपण सगळेच. पुष्करही अर्धा उठला होता.

मग परत बसला.

“मामा, साळुंकी खोकली तेव्हा तुम्ही मला काय म्हणालात?”

“खोकती म्हनलं.”

“मी काय म्हणालो?”

धाकलूने कपाळाला आठ्या घातल्या. “खोकू दे... आसं कायसं.”

“तुम्ही मान खाली सोडायला लागला होता.”

“व्हय?”

“हो. मी तुमच्या हाताखाली हात घातला आणि तिचं तोंड परत वर केलं. आठवतंय?”

धाकलूने पुन्हा आपल्या हातांकडे पाहिलं.

“तुम्ही जास्त वर नव्हती केली. मला हवी होती तेवढीच केली. बाई जाताना मला बजावून गेल्या होत्या, मान खाली ठेव, खोकली की थांब. गुंगीचंही देऊ नको म्हणाल्या होत्या. मी दिलं.”

“का?”

“चित्र चांगलं यावं म्हणून.”

“तिच्या दुखन्याचं कळावं म्हनून?”

इथे त्याला हो म्हणता आलं असतं. तेही अर्धं खरंच होतं.

“नाही,” पुष्कर म्हणाला. “दुखण्याचं साध्या चित्रातही कळलं असतं. मला ते पुण्याला न्यायचं होतं. लोकांना दाखवायला.”

“साळुंकीच्या गळ्याचं चित्र?”

“हो.”

“ते बगून लोक काय करनार?”

“वाहवा करणार.”

“साळुंकीची?”

“...माझी.”

धाकलूचा हात अजून त्याच्या गुडघ्यावर होता. तो त्याने काढून घेतला. सावकाश, एखादी वस्तू चुकून दुसऱ्याच्या जागी ठेवली असावी तसा.

“बाईंनी इचारलं तवा तुमी माज्याकडं बोट केलं.”

“हो.”

“मी व्हय म्हनलो.”

“हो.”

“तुमी गप ऱ्हायलात.”

“हो, मामा.”

“आन् ओट्याखाली मी रडत व्हतो, तवाबी तितंच बसला व्हतात तुमी.”

पुष्करला आता हो म्हणता येईना. त्याने नुसती मान हलवली. डोळ्यांतलं पाणी मातीत पडत होतं आणि ते पुसायचीही त्याला चोरी झाली होती.

धाकलू उठला. पुष्करला वाटलं, आता एक ठेवून देणार. द्यावी, असंच त्याला वाटत होतं. एक सणसणीत बसली असती तर मोकळा झाला असता.

धाकलूने मारलं नाही.

“सकाळपासनं या हातांस्नी शिव्या घालतुया मी,” तो म्हणाला. “तोडून टाकावं म्हनत व्हतो.”

मग पडवीत शिरला. आतून आगळ घातली. आगळीवरून म्हणाला,

“तिच्याजवळ येऊ नका आता.”

दिवस कलला तेव्हा पुष्कर पिशवी खांद्याला लावून बाईंपुढे उभा राहिला.

“जातो, बाई.”

“कुठे?”

“घरी. मी या कामाच्या लायकीचा नाही.”

“हे दुपारी धाकलू म्हणाला. दुसऱ्याचं उचलून बोलू नकोस.”

“मी सांगितलं त्याला सगळं.”

“ऐकलं. भिंती कुडाच्या आहेत.”

“मग?”

“मग काय? संध्याकाळचं इंजेक्शन कोण देणार?”

“ते मला आत येऊ देत नाहीत.”

“बरोबर आहे त्याचं. तू आगळीबाहेर उभा राहा. भरून दे. मी देते.”

पुष्करने पिशवी खाली ठेवली. मग तो आगळीबाहेर उभा राहिला. बाई हात बाहेर काढायच्या, तो भरलेली सुई हातावर ठेवायचा. आत धाकलू पाठ करून बसलेला. साळुंकी खोकली की तिघंही दचकायची. तो बाहेर असला तरी तितकाच.

रात्र कशीबशी सरली.

उजाडलं तेव्हा ताप उतरणीला लागला होता. खरखर होती, पण श्वास पोटातून ओढत नव्हती. साळुंकीने कान हलवले, धाकलूच्या पटक्याचा वास घेतला, आणि रिकाम्या गव्हाणीत तोंड घालून खूर आपटला.

“मागतीय!” धाकलू म्हणाला. “बाई, मागतीय ती!”

“वाचली असं मी म्हणत नाही अजून,” बाई म्हणाल्या. “फुप्फुसात आहे ते आहे. पण पाणी देऊन बघू. थोडंसं.”

त्या पडवीबाहेर वळल्या.

“पुष्कर, घमेल्यात पाणी आण. कोमट. दोन बोटं, जास्त नको.”

पुष्करने पाणी आणलं. आगळीशी येऊन थांबला. आत पाऊल टाकायचा त्याला धीर होईना.

धाकलू आगळीवर आडवा हात ठेवून उभा राहिला.

“ह्यांच्या हातानं नको, बाई.”

“बरोबर आहे,” पुष्कर घाईघाईने म्हणाला आणि घमेलं पुढे केलं. “मामा, तुम्हीच पाजा. मला नको, बाई. काल इतकं झाल्यावर मला नका सांगू. परत खोकली तर?”

“परत खोकली तर काय करशील?”

“घमेलं काढून घेईन. लगेच. पण... माझ्याच्यानं नाही व्हायचं.”

“धाकलू, आगळ काढ.”

“बाई!”

“काढ म्हणते ना. तू मान मोकळी सोड. तो खाली जमिनीवर धरेल. घोट मोजू नका, बघा.”

धाकलूने आगळ काढली नाही. त्याने घमेल्याकडे बोट केलं. घमेल्यातलं पाणी काठाला आपटत होतं, पुष्करच्या पायांवर शिंतोडे उडत होते. बोटं पांढरी पडेपर्यंत त्याने कड धरली होती, तरी घमेलं स्थिर राहत नव्हतं.

“ह्यांचं हात बगा तरी, बाई,” धाकलू म्हणाला. “कसं कापत्यात!”

बाईंनी स्वतःच पुढे होऊन आगळ काढली.

“काल कापत नव्हते,” त्या म्हणाल्या.